सात घरांची पाहुणी

पार उंचावर, जिथं पोचेपर्यंत पायवाटसुद्धा दोनदा दम खाते, अशा एका डोंगराच्या डोक्यावर एक वाडी होती. वाडी म्हणजे किती, तर मोजून आठ घरं! त्यातली सात घरं अगदी ठासून भरलेली. सासवा, सुना, दीर, जावा, पोरं, कोंबड्या, सगळा नुसता कल्ला. आणि आठव्या घरात एकच माणूस. ठकूआजी.

तिला ठकूआजी सगळेच म्हणायचे, अगदी वाडीचा पन्नाशीचा कारभारीसुद्धा. आजी चौऱ्याहत्तर वर्षांची. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झालेली. लेक लांब तीन डोंगरांपलीकडं दिलेली, सुखात होती. वर्षातून एकदा यायची, आठ दिवस राहायची, जाताना म्हणायची, "आई, चल ना माझ्याबरोबर." आजी नाही म्हणायची. मग दोघी रडायच्या, मग दोघी हसायच्या, आणि लेक परत जायची.

आता तुम्हाला वाटेल, अरेरे, बिचारी म्हातारी. थांबा जरा! आधी तिचा दिवस तर ऐका.

सकाळी जाग आली की आजी उठायची. यात काय विशेष? अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या वेळेवर उठलेल्या बाईला विचारा! उठली की गुळाचा कोरा चहा, तोही पायरीवर बसून, आणि संपेपर्यंत. मग कारल्याची भाजी. आजोबांना कारल्याचा वासही चालायचा नाही, म्हणून लग्न झाल्यापासून आजीनं कारलं घरात आणलं नव्हतं. आता आठवड्यातून तीनदा. पहिला घास घेताना वर बघून म्हणायची, "रागावू नका हं. तुम्ही होतात तोवर पाळलं ना मी?"

दुपारी सागरगोटे. खेळायला कोण? उजवा हात विरुद्ध डावा हात! उजवा हुशार होता आणि डावा एक नंबरचा लबाड. आजी डाव्याला अशी झापायची की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत कुणाचं तरी भांडण चाललंय. "हरलास तर हरलो म्हण की! रडतोस काय?" आणि संध्याकाळी अंगणात बसून गाणी. आवाज एकदम फुटक्या घागरीसारखा. पण ऐकायला होतं कोण? कुणीच नाही. मग काय, अजून मोठ्यानं!

रडू यायचं का कधी? यायचं की. आजोबांची आठवण यायची त्या दिवशी ती चांगली पोटभर रडायची, तोंड धुवायची आणि भात टाकायची. आपण एकटं राहतो याचं तिला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते वाडीला.

तर एकदा झालं काय, सकाळी सकाळी आजीनं अंगण सारवलं आणि स्वतःच त्या ओल्या अंगणात पाय घसरून पडली. घोटा मुरगळला. उठायला जाते तर उठताच येईना. हाक मारली, पण सात घरांच्या कल्ल्यात कुणाला ऐकू जाणार? ऊन छपरावर चढेपर्यंत ती तशीच पडून होती. शेवटी शेजारच्या गोदाक्काची सून चंद्रा सासूशी वाजलं म्हणून डोळे पुसत पुसत तिकडं आली, तेव्हा तिला आजी दिसली.

"अगं आई गं! आजी!"

"ओरडू नकोस, जिवंत आहे. आधी मला उठव आणि मग तुझं रडं सांग. काय म्हणाली सासू आज?"

घोटा दहा दिवसांत बरा होणार होता. पण वाडी हादरली ती हादरलीच. त्याच संध्याकाळी कारभाऱ्याच्या ओट्यावर सातही घरं जमली. आजीला बोलावलं नाही. का, तर तिचा पाय दुखत होता, उगाच कशाला त्रास! सगळ्यात जास्त घाबरला होता कारभारी.

"हे बरं नाही झालं," तो म्हणाला. "एवढी आपण माणसं, आणि म्हातारी अंगणात एकटी पडून राहते? आजपासून ती आपल्या सगळ्यांची. घरं सात, वार सात. देवानंच जुळवून ठेवलंय बघा. सोमवारी माझ्याकडं, मंगळवारी गोदाक्काकडं, बुधवारी सुताराकडं..."

आणि मग काय सांगू, भांडण लागलं! आजी नको म्हणून नाही हो, आजी हवी म्हणून. सुतार म्हणाला, "मला बुधवार नको, शुक्रवार द्या, शुक्रवारी आमच्याकडं पुरण असतं." गोदाक्का म्हणाली, "मग आमच्याकडं काय दगड असतात होय?" अर्धा तास हाच गोंधळ, आणि वार राहिले ते कारभाऱ्यानं लावलेलेच. इतकी माया होती त्या माणसांच्या पोटात.

शेवटी असं ठरलं की महिनाभर आजीनं सात घरी राहून बघायचं आणि येत्या पुनवेला आपलं घर सोडायचं. रिकाम्या घरात वाडीची वैरण भरायची. आता त्या वाडीची एक रीत होती. ज्याची चूल, ती त्यानंच हलवायची. दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. घर सोडणाऱ्यानं चुलीचे तीन दगड स्वतःच्या हातानं उचलून उंबऱ्याबाहेर ठेवले की घर सुटलं. मग परत मागता येत नाही.

सगळे मिळून आजीला सांगायला आले. कुणाच्या हातात चादर, कुणाच्या हातात उशी, पोरं तर नाचतच होती. आजीनं ऐकलं आणि तिची नजर आपल्या चुलीकडं गेली. पण समोर एवढे आनंदी चेहरे! नको म्हणायचं तरी कसं?

"बरं," आजी म्हणाली. एवढंच म्हणाली.

आणि झाली की आजी सात घरांची पाहुणी!

आता पाहुण्याबद्दल त्या वाडीत फार कडक नियम होता. पाहुण्याच्या हाताला काम लागलं तर त्या घराची मान खाली जायची. त्यामुळं सोमवारी आजी कारभाऱ्याकडं बसली. मंगळवारी गोदाक्काकडं बसली. बुधवारी सुताराकडं बसली. नुसती बसली! पाणी हातात, पान हातात, पाठीला उशी. सातही घरी शिरा, कारण पाहुण्याला गोड घालायचं असतं आणि पाहुणी रोज नवीच! तीनदा नको म्हटल्याशिवाय वाढणं थांबत नाही, आणि तिसरं नको म्हणेपर्यंत ताट परत भरलेलं.

एका मंगळवारी तिला राहवेना. तिनं गुपचूप सूप ओढलं आणि तांदूळ निवडायला घेतले. चार खडे निघाले असतील नसतील, तर गोदाक्का धावत आली.

"अगं आजी, काय करतेस! कुणी बघितलं तर मला काय म्हणतील?"

"चार खडे तर काढतेय गं."

"खडे मी काढते. तू बस बघू. शिरा खाणार?"

बुधवारी सुताराकडं दुपारी जरा सामसूम होती, म्हणून आजीनं कनवटीचे सागरगोटे काढले. उजव्याचा डाव झाला, डाव्याचा सुरू झाला, तेवढ्यात सुताराच्या नातीनं बघितलं. "आजी खेळतेय! या सगळे!" झालं, सगळं घर गोळा. एक गोटा झेलला की टाळ्या, दुसरा झेलला की टाळ्या. सगळे प्रेमानंच बघत होते. पण डाव्या हातानं लबाडी करायची कशी, एवढ्या माणसांसमोर? आणि त्याला झापायचं तरी कसं? आजीनं गोटे परत कनवटीला लावले. मजाच गेली.

आणि एक गंमत झाली. म्हणजे आधी गंमत वाटली, मग नाही वाटली. त्या मंगळवारी चंद्रा सारखी आजीच्या आजूबाजूला घुटमळत होती.

"आजी," ती हळूच म्हणाली, "मला जरा सांगायचं होतं..."

लगेच पलीकडून गोदाक्का म्हणाली, "काय सांगायचंय? सांग की. आम्हीपण ऐकतो."

चंद्रा म्हणाली, "काही नाही. मीठ संपत आलंय." आणि आत निघून गेली. दुसऱ्याच दिवशी सासूसुनांचं असं वाजलं, असं वाजलं, की खालच्या गावापर्यंत आवाज गेला असेल. सुताराचंही तसंच. आजीजवळ येऊन बसायचा, घसा खाकरायचा, आजूबाजूला बायको, मुलगा, नातवंडं बघायचा आणि "ऊन फार आहे" म्हणून उठून जायचा. ढगाळ दिवशीसुद्धा!

आजी दिवसेंदिवस गप्प होत गेली. तब्येत? झकास. गाल वर आलेले. पण सकाळी जाग आली की आधी तिला आठवावं लागायचं, आज वार कुठला, म्हणजे आपण कुणाच्या घरात आहोत. आणि लगेच उठताही यायचं नाही, कारण पाहुणी लवकर उठली तर घरच्यांची झोप मोडते. ती पडून राहायची आणि बोटांवर मोजायची. पुनवेला नऊ दिवस. पुनवेला पाच दिवस. पुनवेला एक दिवस.

रोज ती ठरवायची, आज सांगते. आणि रोज कुणीतरी तिच्या पानात तूप वाढायचं, आणि तिचं सांगणं राहून जायचं. एवढी चांगली माणसं! यांना दुखवायचं?

पुनवेच्या दिवशी सकाळीच सगळी वाडी आजीच्या दारात जमली. कारभाऱ्यानं दार उघडलं. वैरणीचे भारे बाहेर रचून तयार होते. आजी आत गेली, चुलीपुढं उकिडवी बसली आणि तिनं पहिल्या दगडाला हात लावला.

दगड गार होता. इतकी गार चूल तिनं जन्मात कधी शिवली नव्हती, अगदी आजोबा गेले त्या दिवसांतसुद्धा नाही.

तिनं हात मागं घेतला.

"नाही," आजी म्हणाली.

कारभारी दारातून म्हणाला, "जड आहे का? जरा नेट लाव. उंबऱ्याबाहेर आला की पुढं मी घेतो."

"जड नाही रे. मला हलवायचीच नाही."

गोदाक्काला रडू फुटलं. "काय चुकलं गं आमचं? काय कमी पडलं? शिऱ्यात तूप कमी होतं का?"

"तूप जास्तच होतं, गोदे. काही कमी पडलं नाही. हे सांगायला जड जातंय म्हणून तर महिनाभर गप्प बसले. चुकलं माझंच, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." आजीनं पदरानं हात पुसले. "तुमच्या सातही घरांत मी पाहुणी आहे. दोन दिवस पाहुणी व्हायला मला फार आवडेल. पण रोज? मला भाकरी थापायची असते. ती करपली तर मीच मला शिव्या देणार. मला माझ्या घरात राहायचंय."

"पण इथं एकटी करणार काय तू?" कारभारी जवळजवळ ओरडलाच.

"काय करणार म्हणजे? जगणार! दिवस पुरत नाही रे मला, तुला काय माहीत."

"आणि परत पडलीस तर?" आता कारभाऱ्याचा आवाज फुटला. एवढा मोठा मिशीवाला माणूस, पण डोळे भरून आले. "माझी आई अशीच गेली, आजी. मळ्यात पडली. आम्हाला वाटलं, बसली असेल कुठं गप्पा मारत. दुपारी गेलो तर... मला झोप लागत नाही गं. तुझ्या घराकडं बघितलं की झोप लागत नाही."

आजी उठली. घोटा अजून जरा कुरकुरत होता. कारभाऱ्याजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात पोचेना, म्हणून तो खाली वाकला.

"अस्सं होय," ती म्हणाली. "म्हणजे भीती तुझी, आणि चूल माझी मोडायची?"

कारभारी रडता रडता हसला. सगळेच हसले.

"तुझ्या भीतीचं काहीतरी करू आपण," आजी म्हणाली. "ती काही खोटी नाही. मीपण त्या दिवशी अंगणात घाबरले होते. पण चूल राहू दे."

तेवढ्यात मागून चंद्रा म्हणाली, "हो, राहू दे. मलापण हवी आहे ती."

"तुला काय करायचीय गं?" गोदाक्कानं विचारलं.

चंद्रा लाल झाली. "मी इथं येऊन बोलायचे... तुमच्याबद्दल. मग घरी जाऊन भांडायची इच्छाच उरायची नाही. महिना झाला, कुणाशी बोलायचं? आजी आपल्याच घरात, आणि तुम्ही शेजारी बसलेल्या!"

गोदाक्का हळूच म्हणाली, "अगं... मीपण यायचे की. तुझ्याबद्दल सांगायला."

सुतारानं घसा खाकरला. "मीपण," एवढंच म्हणाला आणि आभाळाकडं बघायला लागला. मग एकेक जण कबूल व्हायला लागला. आठ घरांच्या वाडीत मनातलं बोलायला, जिथं बोलणारा आणि ऐकणारा सोडून तिसरं माणूस नाही, अशी जागा एकच होती. आणि तिला कुलूप लावून ते तिच्यात वैरण भरायला निघाले होते!

"दोघींचं सगळं ऐकलंय मी," आजी सासूसुनांना म्हणाली. "आणि दोघींचं निम्मं निम्मं खरं आहे. पण एक ऐका. तुमच्यासाठी म्हणून मी घर ठेवत नाहीये हं. तुम्ही आलात तर चहा करीन, वेळ असला तर. पण उद्यापासून तुमच्यातलं कुणीच आलं नाही, तरी मला हे घर हवंय. माझ्यासाठी."

मग सगळे खाली बसले आणि या वेळी आजीला विचारून ठरवलं. रोज सकाळी कारभाऱ्यानं आपल्या ओट्यावरून हाक मारायची, आजीनं उत्तर द्यायचं, आणि तेवढा वेळ सातही घरांनी कल्ला थांबवायचा. उत्तर नाही आलं तर सगळ्यांनी धावायचं. अंगण सारवायला आठवड्यातून एकदा चंद्रा येणार, कारण तेवढं मात्र आता आपल्याला झेपत नाही, हे आजीनं स्वतःहून सांगितलं. आणि मंगळवारी आजी गोदाक्काकडं जेवायला जाणार, पण भाकऱ्या आजीच थापणार. गोदाक्का म्हणाली, "माझी मान खाली जाईल." आजी म्हणाली, "जाऊ दे थोडी. भाकऱ्या तरी चांगल्या मिळतील."

तेव्हापासून रोज सकाळी डोंगरावर आवाज घुमायचा.

"ए आजी! आहेस का गं?"

"आहे रे मेल्या! जाते कुठं!"

एवढं ऐकलं की कारभारी निवांत तंबाखू मळायला बसायचा. रात्रीची झोपही त्याला लागायला लागली.

असे पाच-सहा महिने गेले. आणि एक दिवस कारभाऱ्यानं हाक मारली, तर उत्तर आलं नाही. त्यानं परत हाक मारली. शांत. तिसऱ्यांदा अशी मारली की झाडावरचे कावळे उडाले. काही नाही!

मग जे काय धावले सगळे! सुतार हातात रंधा तसाच घेऊन, गोदाक्का अर्धी वेणी घातलेली, चंद्रा सगळ्यांच्या पुढं. कारभाऱ्याला तर दम लागून बोलताच येईना. दार ढकलून बघतात तर काय, आजी चुलीपुढं बसलेली, दोन्ही गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, आणि हातानं खुणा करतेय, थांबा, थांबा!

"आजी! काय झालं? बोल की!"

आजीनं मोठ्या कष्टानं गिळलं. "रताळं होतं तोंडात! चुलीतनं काढून गरमगरम घातलं. आणि मेल्या, तू तेवढ्यातच हाक मारलीस. गिळवेना, टाकवेना! एवढं गोड रताळं काय थुंकून टाकू तुझ्यासाठी?"

कारभारी मटकन उंबऱ्यावरच बसला. आधी चिडला, मग हसायला लागला, आणि मग त्याला हसू आवरेचना. आजीनं सगळ्यांसाठी चहा टाकला. कप पुरले नाहीत, वाट्यांतून प्यायले, सुतार तर लोट्यातून. रताळीपण संपवली मेल्यांनी. चहा झाला तरी कुणी हलेना, इतकं बरं वाटत होतं तिथं.

शेवटी आजीच उठली. तिनं सगळी भांडी गोळा केली, पदर खोचला आणि दाराकडं बोट दाखवलं.

"झाला ना चहा? चला, निघा आता. मला कामं आहेत."

आणि सगळे हसत हसत, अगदी शहाण्यासारखे, आपापल्या घरी गेले.

आता तात्पर्य विचाराल, तर ते असं: ज्याच्यावर आपली माया आहे त्याचं सुख कशात आहे, हे परस्पर ठरवू नये, आधी त्यालाच विचारावं, आणि वय कितीही झालं तरी आपलं सुख कशात आहे, हे आपल्या माणसांना सांगायला संकोचू नये.